चौकशीचे बोलावणे आणि नागरिकाचे हक्क

"साहेबांनी ठाण्यात बोलावले आहे," एवढाच निरोप असतो. तो कधी पोलीस पाटील आणतो, कधी ठाण्यातील शिपाई दूरध्वनीवरून देतो, तर कधी आठवड्याच्या बाजारात भेटलेल्या ओळखीच्या माणसाच्या तोंडी येतो. बोलावणे कोणत्या प्रकरणात आहे, साक्षीदार म्हणून आहे की संशयित म्हणून, किती वेळ लागेल, यांपैकी काहीही त्यात नसते. निरोप मिळालेला माणूस दिवसाची मजुरी बुडवून, एस.टी.चे भाडे खर्चून ठाण्यावर जातो, बाहेरच्या बाकावर बसतो आणि सायंकाळी "उद्या या" असे ऐकून परततो. २०२४ पर्यंत अहमदनगर या नावाने ओळखला जाणारा अहिल्यानगर जिल्हा क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठा आहे. अकोले तालुक्यातील डोंगरकपारीच्या पाड्यावरून किंवा जामखेड-कर्जतच्या माळावरील वस्तीवरून ठाणे गाठणे म्हणजे संपूर्ण दिवस जाणे होय. अशा माणसाला बोलावण्यामागील कायदा ठाऊक असणे ही केवळ वकिलांनी चर्चा करावी अशी बाब नाही.

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली. कलमांचे क्रमांक बदलले, काही तरतुदी विस्तारल्या. तथापि या विषयापुरता कायद्याचा गाभा पूर्वीचाच राहिला आहे. एखाद्या गुन्ह्याची माहिती असेल असे वाटणाऱ्या व्यक्तीस तपासासाठी हजर राहण्यास सांगण्याचा अधिकार तपास करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यास संहितेच्या कलम १७९ ने दिला आहे. परंतु तो आदेश लेखी असला पाहिजे, असे त्याच कलमात स्पष्ट म्हटले आहे. शिवाय ती व्यक्ती त्या ठाण्याच्या अथवा लगतच्या ठाण्याच्या हद्दीतील असावी लागते. म्हणजे दूरच्या शहरातील ठाणे या कलमाखाली पाथर्डीच्या शेतकऱ्याला साक्षीदार म्हणून तेथवर बोलावू शकत नाही. साक्षीदारास आपल्या राहत्या ठिकाणाहून अन्यत्र जावे लागल्यास त्याचा वाजवी खर्च पोलिसांकडून देण्याबाबत राज्य शासनाला नियम करता येतात, असेही हे कलम सांगते. हा भाग बहुतेकांच्या वाचनातच येत नाही.

याचा अर्थ तोंडी निरोप आला की जाऊच नये, असा कोणी घेऊ नये. पुष्कळ गोष्टी आपसात, सद्भावनेने आणि चटकन निकालात निघतात; चोरीला गेलेल्या मोटारपंपाची माहिती देण्यास शेजारी स्वखुशीने ठाण्यात गेला तर त्यात वावगे काही नाही. मात्र स्वखुशीने जाणे वेगळे आणि कायद्याने बांधले जाणे वेगळे. लेखी आदेश मिळूनही जाणूनबुजून गैरहजर राहणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०८ खाली गुन्हा ठरू शकतो. तोंडी निरोपाला तसे बळ नाही. "साहेब, बोलावण्याचा कागद द्या, मी वेळेवर हजर राहतो," असे नम्रपणे म्हणणारा नागरिक तपासात अडथळा आणत नसतो. तो कायद्यात लिहिलेलेच मागत असतो.

आपण कोण म्हणून आलो आहोत?

ठाण्यात गेल्यावर विचारावयाचा पहिला प्रश्न हाच आहे. कायद्याला चौकशीच्या संदर्भात तीन प्रकारची माणसे ठाऊक आहेत. पहिला साक्षीदार, त्याच्याविषयी वर सांगितले. दुसरा तो, ज्याच्यावर गुन्ह्याचा आरोप वा वाजवी संशय आहे, परंतु ज्याला अटक करण्याची गरज नाही. अशा व्यक्तीस कलम ३५ (३) खाली हजर राहण्याची नोटीस द्यावी लागते. जोवर ती व्यक्ती नोटिशीप्रमाणे हजर राहते, तोवर तिला अटक करता येत नाही. अटक आवश्यक वाटलीच तर त्याची कारणे अधिकाऱ्याने नोंदवावी लागतात. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात बजावले आहे. ही नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून भागत नाही, हेही त्याच न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केले. तिसरा अटक झालेला इसम. त्याच्याभोवती तर संविधानाचे कुंपण आहे.

अडचण येते ती चौथ्या माणसाची. "चौकशीसाठी ताब्यात घेतले" हे शब्द वृत्तपत्रांत रोज छापून येतात आणि वाचणाऱ्याला त्यात काही खटकत नाही. परंतु कायद्याच्या पुस्तकात अशी अवस्था शोधून सापडत नाही. मनुष्य ठाण्यातून आपल्या इच्छेने उठून जाऊ शकत असेल तर तो मोकळा आहे; जाऊ शकत नसेल तर तो अटकेत आहे. मधली जागा नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १९९० च्या एका निर्णयात हेच सांगितले: अटकेला आरंभ होतो तो माणसाच्या स्वातंत्र्यावर बंधन पडते त्या क्षणापासून, कागदावर अटकेची वेळ लिहिली जाते तेव्हापासून नव्हे. अटक केलेल्या व्यक्तीस प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते, हा संविधानाच्या अनुच्छेद २२ चा दंडक आहे. मंगळवारी सकाळी आणून बसवलेल्या माणसाची अटक बुधवारी रात्री दाखवली गेली, तर चोवीस तासांचा हिशेब कोठून धरावयाचा, हे या निर्णयावरून कोणासही उमजेल. कोठडीतील छळाच्या बहुतेक तक्रारी नेमक्या या नोंद नसलेल्या तासांविषयी असतात, आणि नोंद नसल्यामुळेच त्या सिद्ध करणे कठीण जाते.

या जिल्ह्याला तर विनाखटला बंदिवासाचे स्मरण करून द्यावयास नको. ऑगस्ट १९४२ मध्ये 'छोडो भारत' चळवळीच्या प्रारंभीच पकडलेल्या काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांना, पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव प्रभृतींना, नगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. त्यांच्यावर आरोपपत्र नव्हते, खटला नव्हता. १९४५ पर्यंत त्यांना डांबून ठेवण्यास सरकारचा हुकूम पुरेसा होता. पुढे सप्टेंबर १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अटकेसंबंधीचा अनुच्छेद संविधान सभेपुढे मांडला. अटकेची कारणे कळण्याचा, आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा आणि चोवीस तासांत न्यायासनापुढे जाण्याचा हक्क त्यातून मूलभूत हक्क बनला. प्रतिबंधक स्थानबद्धतेसाठी मात्र त्याच अनुच्छेदात अपवाद ठेवण्यात आला आणि तो आजही कायम आहे, हे येथे नमूद करणे प्राप्त आहे.

स्त्रिया, मुले आणि वृद्ध

कोणत्याही स्त्रीला, पंधरा वर्षांखालील मुलाला, साठ वर्षांवरील पुरुषाला, शारीरिक वा मानसिक दिव्यांग व्यक्तीला आणि गंभीर आजारी व्यक्तीला साक्षीसाठी आपल्या राहत्या ठिकाणाखेरीज अन्यत्र येण्यास भाग पाडता येत नाही. पोलिसांनी त्यांच्याकडे जावयाचे असते. संबंधित व्यक्ती स्वतः ठाण्यात येण्यास राजी असेल तर येऊ शकते, एवढीच मुभा नव्या संहितेने ठेवली आहे. ऊसतोडणीच्या हंगामात कोपरगाव, राहुरी, संगमनेर भागांत कारखान्याच्या तळावर कोपी घालून राहणाऱ्या मजूर स्त्रीच्या बाबतीतही हाच नियम लावावयास हवा. प्रश्न विचारावयाचे असतील तर ते तिच्या कोपीवर जाऊन विचारता येतात.

हा नियम केवळ गरिबांच्या बाबतीत मोडला जातो असेही नाही. ओरिसाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांना १९७७ मध्ये कटक येथील दक्षता विभागाच्या पोलीस ठाण्यात बोलावून लेखी प्रश्नावली देण्यात आली. त्यांनी उत्तरे देण्यास नकार दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. एप्रिल १९७८ मध्ये निकाल देताना न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी स्त्रीला ठाण्यात बोलावणे हाच मुळी कायद्याचा भंग असल्याचे सुनावले. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती होऊ नये, हा अनुच्छेद २० (३) मधील हक्क न्यायालयात उभे राहिल्यावरच नव्हे, तर पोलिसांच्या चौकशीच्या वेळीही लागू होतो, हे त्या निकालाने ठरले. आज जाणूनबुजून असे बेकायदा बोलावणे करणाऱ्या लोकसेवकास भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ प्रमाणे सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत सश्रम कारावासाची शिक्षा होऊ शकते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा निकाल १९८३ चा आहे. पत्रकार शीला बरसे यांनी मुंबई मध्यवर्ती कारागृहातील पंधरा स्त्री बंद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांपैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत आपल्याला मारहाण झाल्याचे सांगितले. श्रीमती बरसे यांनी सर्वोच्च न्यायालयास पत्र लिहिले आणि न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले. निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिका डॉ. ए. आर. देसाई यांना कारागृहात जाऊन पाहणी करण्यास सांगण्यात आले. १५ फेब्रुवारी १९८३ रोजी न्यायमूर्ती भगवती यांनी दिलेल्या निर्देशांत म्हटले आहे, की स्त्रियांची चौकशी स्त्री पोलिसांच्या उपस्थितीतच व्हावी, त्यांच्या कोठडीवर स्त्री पोलिसांचा पहारा असावा, अटकेची वार्ता नातलगास वा मित्रास आणि विधी साहाय्य समितीस ताबडतोब कळवावी, आणि दंडाधिकाऱ्याने समोर आणलेल्या प्रत्येक आरोपीला "पोलिसांविरुद्ध छळाची तक्रार आहे काय?" असे स्वतःहून विचारावे. एका पत्रातून निघालेले हे निर्देश मुंबईच्या कोठडीपुरते न राहता पुढे कायद्यात उतरले. सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत करावयाची झाल्यास स्त्री पोलीस अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्याची लेखी पूर्वपरवानगी घ्यावी लागते, ही तरतूद त्याच परंपरेतील होय.

शिक्षकांपुढे हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. शाळेत पोलीस येतात आणि अमुक विद्यार्थ्याला दोन मिनिटे बाहेर पाठवा, असे सांगतात. मुख्याध्यापकाने गणवेशाला पाहून गांगरून जाण्याचे कारण नाही. पंधरा वर्षांखालील मुलाची आणि कोणत्याही मुलीची साक्ष राहत्या ठिकाणी घेणे हा नियम आहे. तेव्हा पालकांना कळविणे व बोलावण्याचे कारण लिहून मागणे हे मुख्याध्यापकाचे कर्तव्यच ठरते. बालकावर लैंगिक अत्याचार झाला असल्यास २०१२ च्या कायद्यानुसार त्याचा जबाब शक्यतो स्त्री पोलीस अधिकाऱ्याने, गणवेशात नसताना, बालकाच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी घ्यावयाचा असतो, आणि कोणत्याही कारणास्तव बालकाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. कायद्याशी संघर्ष झालेल्या अल्पवयीन मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवण्यास २०१५ च्या बालन्याय कायद्याने मनाई आहे.

जबाब, सही आणि अंगठा

विचारलेल्या प्रश्नांची खरी उत्तरे देणे साक्षीदारावर बंधनकारक आहे. ज्या उत्तरामुळे स्वतःवरच फौजदारी आरोप येण्याचा संभव असेल ते मात्र देण्यास तो बांधलेला नाही. खोटे सांगणे आणि न सांगणे यांत कायद्याने असा स्पष्ट भेद केला आहे आणि ग्रामस्थांना तो समजावून सांगण्यासारखा आहे. कारण घाबरलेला माणूस गप्प राहण्याऐवजी काहीतरी बनवून सांगतो आणि त्यातच अडकतो.

तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या साक्षीदाराच्या जबाबावर त्याची सही वा अंगठा घेऊ नये, असे संहितेचे कलम १८१ सांगते. ही गोष्ट ऐकून अनेकांना नवल वाटते. आपल्याकडे कागद पुढे आला की सही करावयाची, एवढेच लोक जाणतात. फिर्याद, पंचनामा, जप्तीची यादी व अटकेचा पंचनामा यांवर सह्या असतात आणि त्या वाचून, वा वाचून घेऊन, करावयाच्या असतात. कोऱ्या कागदावर सही मागण्याचा अधिकार मात्र कोणालाच नाही. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. त्याच्या सांगण्यावरून एखादी वस्तू प्रत्यक्ष मिळाली तर तेवढ्यापुरता भाग ग्राह्य धरता येतो. कबुली वदवून घेण्यासाठी दुखापत करणाऱ्यास सात वर्षांपर्यंत, आणि गंभीर दुखापत केल्यास दहा वर्षांपर्यंत कारावास सांगितला आहे, तो न्याय संहितेच्या कलम १२० मध्ये.

संशयाची वहिवाट

श्रीगोंदा, कर्जत, पारनेर, जामखेड या तालुक्यांतील पारधी वस्त्यांचा उल्लेख टाळून हा विषय पूर्ण होणार नाही. ब्रिटिश अमदानीतील गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक जमातींना जन्मतःच संशयित ठरविले. नाव नोंदवावयाचे, हजेरी द्यावयाची, गाव सोडताना परवाना घ्यावयाचा, असा तो कारभार होता. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला. परंतु कायद्याने पुसलेली नोंद लोकांच्या मनातून पुसली जात नाही, आणि परिसरात दरोडा पडला की पहिली झडती कोणाच्या पालावर पडते हे गावोगावच्या लोकांना ठाऊक आहे. नुसत्या संशयावर उभ्या राहिलेल्या तपासाची किंमत काय असते, हे शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील एका प्रकरणाने दाखविले. २००३ मधील दरोडा व खुनाच्या त्या प्रकरणात भटक्या जमातीतील सहा जणांना सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये फाशी ठरविली. मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष मुक्त केले. प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने पोलिसांकडील छायाचित्रांतून भलत्याच चौघांना ओळखले होते आणि त्या दिशेने तपासच झाला नव्हता. राज्य शासनाने प्रत्येकास पाच लाख रुपये द्यावेत, असा आदेश झाला. त्यांची तुरुंगातील वर्षे भरून देणारा आदेश कोणतेही न्यायालय देऊ शकत नाही. मूळ गुन्हेगार सुटले ते वेगळेच. ज्या कुटुंबाची हत्या झाली त्यालाही न्याय मिळाला नाही.

अटकेची कारणे लेखी आणि अटक झालेल्याला समजेल अशा भाषेत द्यावीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात दिला. पारधी बोली बोलणाऱ्या निरक्षर बाईच्या हाती छापील मराठी कागद देऊन ही अट पाळली गेली असे म्हणता येईल काय, याचा विचार ठाण्याच्या पातळीवर व्हावयास हवा.

गावातील जाणत्यांचे काम

पंचायत सदस्यांनी प्रथम स्वतःचे कर्तव्य पाहावे. संहितेच्या कलम ३४ नुसार गावच्या कारभाराशी संबंधित अधिकाऱ्यांत पंचायतीचा सदस्य मोडतो. गावातील अजामीनपात्र गुन्हा, संशयास्पद मृत्यू इत्यादींची खबर दंडाधिकाऱ्यास वा ठाण्यास ताबडतोब देणे त्याच्यावर बंधनकारक आहे. हक्कांची माहिती सांगणाऱ्याने गुन्हा दडवू नये, हे ओघानेच आले.

दुसरे काम अटकेच्या वेळचे. डी. के. बसू प्रकरणात १८ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटकेसंबंधी अकरा निर्देश दिले. त्यांचा मुख्य भाग आता संहितेत आहे. अटक करणाऱ्या अधिकाऱ्याच्या छातीवर नावाची स्पष्ट पट्टी हवी. अटकेचा पंचनामा जागेवरच व्हावा आणि त्यावर कुटुंबातील व्यक्तीची अथवा परिसरातील प्रतिष्ठित व्यक्तीची साक्ष असावी. ही प्रतिष्ठित व्यक्ती म्हणजे बहुधा सरपंच, ग्रामपंचायत सदस्य किंवा शाळेतील गुरुजी. सही करण्यापूर्वी त्यांनी एकच गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी: अटकेची तारीख आणि वेळ. ती माणसाला प्रत्यक्ष नेले तेव्हाची आहे काय? नसेल तर सही करताना आपल्या माहितीतील वेळ तेथेच लिहावी. त्या एका ओळीला पुढे न्यायालयात किती मोल येते, हे फौजदारी काम करणारा कोणताही वकील सांगेल.

अटक झालेल्या माणसाला चौकशीच्या दरम्यान आपल्या वकिलाला भेटता येते, मात्र पूर्ण वेळ वकील शेजारी बसेल असे नाही. त्याची वैद्यकीय तपासणी करावी लागते आणि अहवालाची प्रत त्याला वा त्याने नेमलेल्या व्यक्तीला मिळते. कोणाला कोणत्या गुन्ह्यात अटक झाली याची माहिती ठाण्यात व जिल्हा मुख्यालयात ठळकपणे लावणे आणि ती अद्ययावत ठेवण्यास सहायक उपनिरीक्षकाहून कमी नसलेला अधिकारी नेमणे कलम ३७ ने आवश्यक केले आहे. माणूस कोठे आहे याचा शोध घेत नातलगांनी चार ठाण्यांच्या पायऱ्या झिजवू नयेत, हा त्यामागील हेतू. ठाण्यातील कॅमेऱ्यांचे चित्रण किमान एक वर्ष जपून ठेवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये सांगितले आहे. म्हणून तक्रार असल्यास चित्रण राखून ठेवण्याचा अर्ज लगोलग द्यावा, वर्ष उलटू देऊ नये.

वकील परवडत नाही हे कारण पुढे करण्याचे प्रयोजन नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यान्वये स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग आणि कोठडीत असलेला कोणीही, यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुक्याच्या न्यायालयातील तालुका विधी सेवा समितीकडे साध्या कागदावर अर्ज करता येतो; १५१०० या क्रमांकावर दूरध्वनीही करता येतो. कोठडीतील माणसाच्या वतीने हा अर्ज नातलग देऊ शकतात. ठाण्याविरुद्ध गाऱ्हाणे असेल तर जिल्हा पोलीस अधीक्षक, राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण व राज्य मानवी हक्क आयोग हे मार्ग आहेत. परंतु मारहाण झाली असल्यास ती सांगण्याची पहिली जागा दंडाधिकाऱ्यासमोरची आहे. तेथे विचारणा होते तेव्हा पोलीस शेजारीच उभे असतात आणि माणूस "काही तक्रार नाही" म्हणून मोकळा होतो. मग तीच ओळ कागदावर राहते. त्या दिवशी गावातील एखादा सदस्य किंवा शिक्षक न्यायालयात जाऊन नुसता बाकावर बसला, तरी त्या माणसाला उत्तर देणे सोपे जाते.